बॅटरीचा निकाल

जगात डोळे झाकून विश्वास ठेवावा अशा गोष्टी फार थोड्या उरल्या आहेत, असं निवृत्त न्यायाधीशसाहेबांनी गॅरेजच्या दारात जाहीर केलं आणि नवी बॅटरी बोटांनी वाजवून पाहिली.

"साहेब, कलिंगड नाही ते," मिस्त्री म्हणाला.

"मागचीही असाच आवाज द्यायची. दगा दिलाच ना?"

लाल रंगाची, दोनच माणसांची ही स्पोर्ट्स कार साहेबांनी निवृत्तीनंतर घेतली होती. तिची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी बसे. मिस्त्रीने आज दोन आणल्या होत्या. साहेबांनी दोघींची रीतसर सुनावणी घेतली. लेबलं नाकाला लावून, मान वाकडी करून वाचली. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर होतं, पण चष्मा कधी कोणाला दिसला नव्हता. "नजर शाबूत आहे," असं म्हणत ते खिशावर थापटत.

हलकी बॅटरी उथळ ठरली. निकाल जड बॅटरीच्या बाजूने लागला.

"आणि लगेच चावी फिरवायची नाही," साहेब म्हणाले. "रविवारपर्यंत तिला जागेत रुळू दे. चार्जरही नको. चार्जरने बॅटरी लाडावते."

असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मिस्त्रीने मान डोलावली. त्याला ते सोयीचंच होतं.

साहेब हात धुवायला आत गेले, तशी त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली.

"जोडलात?" तिने हळूच विचारलं.

"जोडला." डिकीच्या अस्तरामागे मिस्त्रीने एक छोटा दिवा लपवला होता. तो रात्रंदिवस जळे आणि रविवारपर्यंत बॅटरी पिऊन टाके. "पण वहिनी, धडधाकट बॅटरी मारायची म्हणजे जिवावर येतं हो."

"मग त्या मुलांच्या जिवाचं काय?"

मिस्त्रीने चहाचा कप उचलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तेव्हा साहेबांनी डॉक्टर बदलला होता. मग एके दिवशी शाळा सुटलेली असताना त्यांनी लाल सिग्नल ओलांडला. रस्ता मोकळा आहे असं त्यांना वाटलं होतं. मुलं थोडक्यात वाचली. घरी आल्यावर साहेब न जेवता झोपले. त्या दिवसाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बॅटऱ्या मात्र तेव्हापासून उतरू लागल्या.

रविवारी साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"चल गं, एक चक्कर मारून येऊ."

"आलेच. पायांत काहीतरी घालू दे."

ती शेजारी बसली, पट्टा लावला. साहेबांनी चावी फिरवली. टक्. पुढे काही नाही.

"उतरली," साहेब म्हणाले.

"हल्ली चांगल्या मिळतच नाहीत हो," ती म्हणाली.

मग दोघं तशीच बसून राहिली, गॅरेजच्या भिंतीकडे बघत, जेवणाची वेळ होईपर्यंत. दर रविवारी असंच चाले.

हिवाळ्यात साहेब गेले. झोपेतच. गाडीला गिऱ्हाईक आलं. मिस्त्रीने दिवा काढला, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं आणि साहेबांना आवडली असती अशी जड बॅटरी बसवली. चावी फिरवल्यावर इंजिन दणक्यात फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा फिरवली. तेच.

त्याने स्टीअरिंगखालचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"वहिनी, पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढलेला आहे. हा नसला तर बॅटरी कितीही ताजी असो, गाडी सुरू होणं शक्य नाही."

"कसा असतो तो?"

"नखाएवढा. निळा. प्लॅस्टिकचा."

ती आत गेली आणि चष्म्याचं घर घेऊन आली.

"यात होता," ती म्हणाली. "मला वाटलं, कशाचं तरी बटण असेल."

मिस्त्रीने खाचेतलं कोळ्याचं जुनं जाळं फुंकून काढलं आणि फ्यूज बसवला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.