तपासणीची बाटली

स्टेजवर हिरव्या केसांचे काटे उभारून कायद्याच्या नावानं बोंबलणारा तो पंक गायक आता मेहुण्याचा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून, कोर्टात 'हो साहेब' म्हणायला शिकला होता. नशेच्या प्रकरणात त्याला जामीन मिळाला होता तो एका अटीवर: दर सोमवारी लघवीची तपासणी. त्यात काही सापडलं, की सरळ तुरुंग.

या सोमवारी त्याला धास्ती नव्हती. त्यानं खरोखरच सगळं सोडलं होतं. सकाळी बाटली भरून त्यानं खिडकीत ठेवली, आंघोळ उरकली आणि शीळ घालत ती दवाखान्यात देऊन आला.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. "अहो, काय हे! नेहमीचं काही सापडलं नाही म्हणून खूश होणार, तर झोपेच्या गोळ्या निघाल्या. त्याही भरपूर! पोलीस निघालेत तुमच्याकडे."

"गोळ्या? आईशप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

शपथ कानावर पडताच आईनं गॅस बंद केला. "तू आंघोळीला गेलास ना, तेव्हा मी तुझी बाटली ओतून दिली आणि माझी भरून ठेवली. म्हटलं, या वेळी तरी सुटशील."

"अगं, पण मी खरंच सोडलंय! सांगितलं होतं ना तुला?"

"ते तू दर वेळी सांगतोस रे."

त्यानं फोन ठेवला. "आणि तू गोळ्या कधीपासून घ्यायला लागलीस?"

 

"तुला पहिल्यांदा धरून नेलं त्या रात्रीपासून," आई म्हणाली आणि सवयीनं त्याची पिशवी भरायला लागली.