पांढऱ्या पोर्टचा मान

पडद्यावरची हिरवी पट्टी पुन्हा अर्ध्यावर येऊन रेंगाळली आणि सुनेने कपाळाला हात लावला.

धड्याचा व्हिडिओ कापून-जोडून संध्याकाळपर्यंत शाळेकडे पाठवायचा होता. हा नमुना पसंत पडला, तर वर्षभराचं काम घरबसल्या मिळणार होतं. नाही पडला, तर पुन्हा ती लांबची नोकरी आणि बसच्या धक्क्यांत रोजच्या दिवसाचा चुराडा.

खरं तर कॉम्प्युटर आता पळायला हवा होता. जुना होता, पण कालच सासऱ्यांनी त्यात नवीकोरी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली होती, तीही तिला पत्ता लागू न देता. घड्याळजी माणूस, उभा जन्म बारीक स्क्रू फिरवण्यात गेलेला. दुकानदाराचं डोकं खाऊन सगळं शिकून घेतलं, सून बाहेर गेलेली बघून कामाला लागले आणि ती परत आल्यावर म्हणाले, "बस आता. नुसता वारा!"

वारा काही सुटला नव्हता. पण हे त्यांना सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिने गुपचूप वेग मोजून पाहिला. डिस्कच्या खोक्यावर छापलेल्याच्या निम्माही भरेना. नको त्या फाइली काढल्या, सेटिंग तपासली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. पट्टी आपली हूं की चूं करेना.

सासरे पॅसेजमध्ये स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाशी झटत होते. आत्ता आत्तापर्यंत ते इथे, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. घरात मोठं टेबल हे एकच. तिच्या कामाचा विषय निघाला, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत त्यांनी आपला दिवा आणि चिमट्यांचा डबा उचलला. "पॅसेजमधून पण सगळं दिसतं," एवढंच म्हणाले. तिथे भरदिवसा दिवा लावावा लागतो, हे ती रोज बघत होती. त्यांच्याबद्दल तिला भरून यायचं, पण बोलायची सोय नव्हती. आभार मानले असते तर ते चिडलेच असते.

"बाबा, जरा येता? सीपीयू उघडायचाय."

"का गं? माझं काही चुकलं?"

"तुमचं कशाला चुकेल? या मशीनचीच खोड असणार."

झाकण निघालं आणि तिला हसू आलं. आत धुळीचा कण नव्हता. वायरी पांढऱ्या दोऱ्याने बांधून, एकसारख्या गाठी मारून कडेला बसवल्या होत्या. तिने टॉर्च धरला. बोर्डाच्या कडेला केबल लावायचे पोर्ट होते. निळे जुन्या, संथ चालीचे आणि पांढरा वेगाचा. नवी डिस्क निळ्या पोर्टवर होती आणि पांढऱ्यावर जुनी डिस्क ठाण मांडून बसली होती.

"नवी पांढऱ्यावर लावा, असं दुकानदार बोलला नाही का?"

"बोलला की." सासरे उगाच भिंग पुसायला लागले. "पण तिथे ही होती. इतकी वर्षं हिने सगळं सांभाळलं. काल आलेल्या पोरीसाठी हिला उठवायची म्हणजे... मला काही पटेना. नवीनने बसावं की जरा बाजूला."

यंत्राच्या पोटात मानपान सांभाळणारा घड्याळजी शोधूनही सापडला नसता. तिला खो-खो हसायचं होतं, पण तिची नजर पॅसेजमधल्या स्टुलाकडे गेली.

"आणि तुम्ही हो, बाबा? तुम्ही कसे उठलात?"

त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"माझी गोष्ट वेगळी," ते पुटपुटले. मग दोन बोटांनी हलकेच जुन्या डिस्कची केबल सोडवली आणि त्या डिस्कलाच समजावल्यासारखं म्हणाले, "जा बाई तिकडे. तिकडून पण सगळं दिसतं."

"थांबा, थांबा." सुनेने टॉर्च आणखी आत नेला. त्यांनीच बांधलेल्या वायरींच्या जुडग्यामागे अजून एक पांढरा पोर्ट होता. रिकामा.

"अरेच्चा," सासरे म्हणाले. "माझ्याच गाठीने झाकला होता की!"

"शेजारीच जागा आहे. हिला कुठे जायला नको."

दोन्ही डिस्क शेजारी शेजारी लागल्या. वेग पुन्हा मोजला, तर छापलेल्या आकड्याला जवळजवळ जाऊन भिडला. हिरवी पट्टी सरसर धावली. ऊन उतरायच्या आत व्हिडिओ गेला आणि शाळेचं उत्तरही आलं: छान झालंय, पुढचे धडे उद्यापासून पाठवतो.

सासरे तोवर चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले होते. दोन कप घेऊन बाहेर आले, तर पॅसेज मोकळा. स्टूल नाही, दिवा नाही, डबा नाही.

"अगं, माझं सामान कुठे गेलं?"

सुनेने टेबलाकडे बोट केलं. तिने मॉनिटर टेबलाच्या एका टोकाला सरकवला होता. दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या उजेडात, उघडं घड्याळ फडक्यासकट जसंच्या तसं ठेवलं होतं, शेजारी दिवा आणि डबा, आणि समोर स्टूल.

"माझी खुडबुड सहन होईल का तुला?"

"चहा गार होतोय, बाबा."

ते बसले. भिंग डोळ्याला लावलं. सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे गेला आणि तसाच मागे आला.