परीक्षा होईस्तोवर पत्रं

रील्स बघण्यापायी चाचणीत मार्क घसरले, तशी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पुनमनं आपला फोन हॉस्टेलच्या रेक्टरबाईंच्या स्वाधीन केला. "परीक्षा होईस्तोवर आता फक्त पत्रं," असं तिनं उदगीरजवळच्या गावी घरी कळवून टाकलं.

दर आठवड्याला पत्र येऊ लागलं. आईला अक्षरओळख नव्हती. ती सांगायची अन् पुनमचे वडील, अण्णा, लिहायचे. पुनमचे मार्क भराभर चढले. पण पुढं पत्रं विरळ झाली, मग महिनाभर आलीच नाहीत. जीव राहीना, तेव्हा ती फोन परत मागायला गेली, तर रेक्टरबाईंनी तिच्या हाती एक पाकीट ठेवलं.

आत वेडीवाकडी, मोठाली अक्षरं होती.

"पुनम, तुझ्या अण्णाला लिहा म्हणलं की मोबाईलात डोकं घालून बसतेत. किती दिवस विनवावं? शेवटी अंगणवाडीच्या बाईकडून मीच लिहायला शिकले."

पुनमचे डोळे भरून आले. डोळे पुसून तिनं खालची ओळ वाचली अन् ती खुदकन हसली.



"आता तुझी पत्रं बी मीच वाचते. अण्णाला सांगायचं नसंल, ते बिनधास्त लिहीत जा."