आवाज ओरिजिनल

अरे ऐक तर, मधी बोलू नको! बेंबळीच्या बिरदेवमामांकडं जुनी मोटोक्रॉस गाडी हाय, गुडघ्यामुळं किक मारवत न्हाय म्हणून विकायलेत, असं कळलं. म्या पळतच गेलो. मामा तिच्यावर बसून मेंढरं चारायचे, बोल! सीट फाटलेलं, टाकी चेपलेली, पण इंजिन एक नंबर. किक मारली तर असला आवाज, की झाडाखालची मेंढरं खडबडून उठली. मला वाटलं, भेली.

"मामा, सायलेन्सर कधी बदलला न्हाय ना?"

"छ्या! ह्योच आवाज लागतो बाबा. दुसरा चालतच न्हाय."

मामा लई शौकीन वाटले. सौदा केला आन् सुसाट निघालो. ओढ्यापाशी मागं बघतो तर सगळी मेंढरं माझ्या मागं पळत यायलीत! परत नेऊन सोडली, निघालो, तर पुन्हा मागं!

तेवढ्यात मामांची आई, म्हाळसाबाई, दारातनं वरडली, "लेकरा, गाडी तुझी झाली, खुशाल ने. पण रोज सकाळी मेंढरं चारायला आता तूच यायचं!"

सांग, तू काय केलं असतंस?