साखरपाण्यातली अंडी

गळ्यात कॅमेरा अडकवलेला तरुण उंबरठ्यात उभा राहून म्हणाला, "घर पाहू का आतून?" रुईलानच्या आईने त्याला हाताला धरून खुर्चीतच बसवलं. स्थळ घेऊन मावशी यायची होती. मुलगा पुढे आला असेल, एवढंच तिच्या डोक्यात. तो आधी तुळयांवरची नक्षी बघत होता, मग नुसता रुईलानकडे बघत बसला. आईने लगबगीने साखरपाण्यात दोन अंडी शिजवून पुढे ठेवली. त्या गावात ही वाटी म्हणजे सासूची पसंती आणि रिकामी वाटी म्हणजे मुलाचा होकार. त्याने पाण्याचा थेंबही ठेवला नाही.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. "अगं, आम्ही वेशीवर अडकलोय. जुनं गाव बघायला येणाऱ्या पर्यटकांचं तिकीट आमच्याकडेही मागतायत. मुलगा म्हणतो, मुलगी बघायला कसलं तिकीट? मी नाही काढणार."

आईचा चेहरा पडला. ती रुईलानच्या कानाशी लागली, "मग हा कोण गं?"

"आता कोणी का असेना, वाटी रिकामी केलीये त्याने," रुईलान म्हणाली.

त्याच्या खिशातून डोकावणारं तिकीट तिने तो उंबरठ्यात उभा होता तेव्हाच पाहिलं होतं.