गाडी परत येते तो प्रसंग

"परत येऊन हा माणूस काहीच बोलत नाही?" मालिकेत बापाचं काम करणाऱ्या नटाने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं. मेकअपने शर्ट खराब होऊ नये म्हणून त्याच्या कॉलरमध्ये कागदी रुमाल खोचलेला होता. "बायकापोरांना भर उन्हात रस्त्यावर उतरवतो, निघून जातो, आणि परत आल्यावर तोंडात मिठाची गुळणी? लोक मला शिव्या घालतील."

दिग्दर्शकाने लेखिकेकडे पाहिलं. "मॅडम, एक वाक्य द्या. एकच."

लेखिकेकडे ते वाक्य नव्हतं. बाकी सगळा भाग तिने एका बैठकीत लिहिला होता. रस्ता चुकल्यावरून गाडीत पेटलेलं भांडण, मामाने मारलेला टोमणा, "एवढं कळतंय तर चालत जा" म्हणून बापाने सगळ्यांना खाली उतरवणं, मग बोचकी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेलं कुटुंब आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांशी हुज्जत घालणारा मामा. वाचनाच्या वेळी हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती. बाप परत येतो तिथे मात्र तिने जागा कोरी सोडली होती.

आणि आज नेमके तिचे वडील सेटवर होते. डोळे तपासताना डॉक्टरांनी थेंब घातले होते, त्यामुळे त्यांना एकटं घरी पाठवता येत नव्हतं, आणि तेवढ्यात सेटवरून तिला तातडीचा फोन आला होता. काळा चष्मा लावून ते मोठ्या छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. जवळचं धूसर दिसत होतं, म्हणून मॉनिटरकडे न बघता सरळ रस्त्याकडे बघत होते. मुलीची मालिका ते कधी लावत नसत. "घरचा तमाशा काय कमी होता, म्हणून आणखी टीव्हीवरचा बघू," असं म्हणत.

"काका, तुम्हीच सांगा," दिग्दर्शक गमतीने म्हणाला. "याच्या जागी तुम्ही असता, तर परत येऊन काय बोलला असता?"

लेखिका हातातल्या कागदांत बघत राहिली.

"बोललो नसतो," वडील म्हणाले. "हॉर्न वाजवला असता."

एकच खसखस पिकली. दिग्दर्शकाने मांडीवर थाप मारली आणि लगेच शॉट लावला. नटाने गाडी मागे नेली, पुन्हा आणली, कुटुंबासमोर उभी केली आणि कुणाकडेही न बघता एकदा हॉर्न दिला. बायको उठली, मागचं दार उघडून आत बसली. मामाने मुकाट्याने बोचकं डिकीत टाकलं. कॅमेऱ्यामागच्या माणसांनी तोंडावर हात दाबून धरले होते. 'कट' झाल्यावर सगळे एकदम फुटले.

"काका, उद्यापासून कामावर या!" नट गाडीतूनच ओरडला.

वडील हसले नाहीत. लेखिकाही हसली नाही.

पुढच्या शॉटची मांडामांड सुरू झाली. बापाची गाडी दिसेनाशी होते आणि धाकटी मुलगी भोकाड पसरते, असा तो शॉट होता. मेकअपवाली ग्लिसरीनची बाटली घेऊन मुलीसमोर उकिडवी बसली.

"ती रडत नव्हती," वडील म्हणाले.

"कोण?"

"तू. रडत होती ती तुझी आई. तू वळकटीवर बसून केळं खात होतीस. साल कुठे टाकायचं कळेना, तर मामाच्या खिशात घातलंस."

लेखिकेला केळं आठवत होतं. मामाचा खिसाही आठवत होता. तिथे गाडी मात्र आठवत नव्हती. वळणापर्यंत नुसता रस्ता होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा निघून गेला होतात."

वडिलांनी चष्मा काढला. ऊन डोळ्यांत घुसलं तसा पुन्हा लावला.

"वळणापर्यंतच गेलो होतो. जरा पलीकडे. झुडपांतून दिसत होतात."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"मॅडम," तिकडून दिग्दर्शकाने हाक मारली, "भाग हॉर्नवरच संपवतोय हं!"

तिने न बघताच हात वर करून त्याला थांबायची खूण केली. शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि वडिलांजवळ बसली. पेनाला टोपण लावलं.

"मग आला का नाहीत?"

"आधी राग होता," वडील म्हणाले. "मग राग गेला, तर यायचं कसं ते कळेना."

समोर कुणीतरी रस्त्यावर पाणी मारत होतं. मग शॉटबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "गाडीची काच वर होती की खाली?"

"खाली. तुम्ही काय बोलताय ते ऐकायचं होतं."

"आलं ऐकू?"

"नाही," वडील म्हणाले. "तुम्ही कुणी बोलतच नव्हतात."