टायर नसलेली बोट

धाकट्या सुनिव्हाचं लग्न झालं ते वर्ष, एकोणीसशे एकाहत्तर. जूनमधला शनिवार. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरच्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि वऱ्हाड जेवणासाठी खाडीपलीकडे निघालं. बोट नवरीच्या बापाची, टोरलाइफची. एरवी मासे धरायची, आज धुऊन पांढरा रंग लावलेली.

धक्का जवळ आला तशी सुनिव्हा म्हणाली, "बाबा, कडेचे टायर सोडा ना बाहेर, बोट आपटणार नाही."

"नवरीच्या बोटीला काळे टायर? डाग पडतील. पायाने थोपवू की. सगळे तेच करतात."

"सगळे इंजिन उलटं फिरवून वेग कमी करतात आधी. तुम्ही ते बंद केलंत."

"तुझ्या झग्यावर धूर नको म्हणून."

सुनिव्हा शाळेत विज्ञान शिकवायची. "नऊ टनांची बोट आहे, बाबा. टायरवर थांबायला तिला अर्धा सेकंद मिळतो. तेव्हा टनभर जोर बसतो. लाकडावर आपटली तर पापणी लवायच्या आत थांबते. वजन तेच, वेग तोच, पण जोर दहा टनांचा."

"अगं, काठी टेकत जाणारी म्हातारी या बोटीला मागे टाकेल!" टोरलाइफ म्हणाला. वऱ्हाड हसलं. त्याने नव्या जावयाकडे पाहिलं. "काय जावईबापू, तुमच्या डोंगरात पाय असतात ना माणसांना?"

आयविन समुद्रावर नवा होता. "असतात की!" म्हणत तो बोटीच्या काठावर बसला आणि त्याने उजवा पाय धक्क्याच्या खांबाकडे ताठ धरला.

"आयविन, पाय आत घे!"

"थांबतेय गं ती."

बोट थांबली. सगळे एकमेकांवर कलले आणि हसले. टोरलाइफने टाळी वाजवली. "शाबास! झाला आमचा!"

आयविन हसला नाही. ओरडलाही नाही. तो तोंड उघडं टाकून सुनिव्हाकडे बघत होता. त्याचा पाय मांडीपर्यंत बोट आणि खांब यांच्यामध्ये चिरडला होता.

टोरलाइफ दोन्ही हातांनी खांबाला रेटत बोट मागे ढकलू लागला. "हळू तर आली होती," तो म्हणत राहिला. "सुनिव्हा, तू पाहिलंस ना? हळू तर आली होती."

सुनिव्हा खाली बसून रक्त थांबवायला नवऱ्याच्या मांडीभोवती डोक्यावरचं वस्त्र आवळत होती.

आयविन बारा जूनला, लग्नाच्याच दिवशी, दवाखान्याकडे नेताना त्याच बोटीत वारला.